यकृताच्या पलीकडचा पत्ता

(मढ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी या किनाऱ्यावरच्या मुलांना विज्ञान शिकवलं. त्यामुळे विषय विज्ञानाचा असावा, हे ओघानंच आलं. आयोजकांनी मला एकच अट घातली : सोपं करून सांगा, पण खोटं सोपं करू नका. ती पाळायचा प्रयत्न करतो.

सुरुवात आपल्याच उपनगरातून करू. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पवईच्या आयआयटीत आल्या आणि भारतात तयार झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराचं लोकार्पण झालं. नाव नेक्सकार-१९. प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत तो आकाराला आला, टाटा मेमोरियलमध्ये रुग्णांवर तपासला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांवरचा हा जनुकोपचार. परदेशात जो खर्च येतो, त्याच्या साधारण एक दशांश खर्चात तो इथे होतो. या यशाचं मोल मोठं आहे.

पण त्याची रीत नीट पाहा. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात. प्रयोगशाळेत एका निर्धोक केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांच्यात नवं जनुक घालतात, पेशी वाढवतात आणि परत शरीरात सोडतात. म्हणजे जनुक पेशीकडे गेलं नाही. पेशीच जनुकाकडे आणली गेली. रक्तातली पेशी आणता येते. यकृत, फुप्फुस, मेंदू कसे आणणार? तिथे जनुकालाच वाट काढत जावं लागतं. आजचं व्याख्यान त्या वाटेबद्दल आहे, आणि त्या वाटेवर स्निग्ध पदार्थाची जी इवलीशी पिशवी आपण पाठवतो, त्या लायपोसोमबद्दल.

विषाणू का नको?

प्रश्न रास्त आहे. पेशीत शिरून आपली जनुकं सोडणं हा विषाणूंचा कोट्यवधी वर्षांचा धंदा. जनुकोपचाराची पहिली मान्यताप्राप्त चाचणी अमेरिकेत सप्टेंबर १९९० मध्ये झाली, तीही विषाणूच्याच खांद्यावरून. मात्र सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या चाचणीत एक अठरा वर्षांचा तरुण दगावला. त्याच्या शरीरानं अ‍ॅडिनोविषाणूविरुद्ध असा काही उठाव केला की एकामागून एक अवयव निकामी झाले. त्यानंतर हे क्षेत्र कित्येक वर्षं मागे गेलं.

आज वापरात असलेला एएव्ही हा विषाणू त्यामानानं सौम्य आहे, पण त्याच्याही मर्यादा आहेत. जनुकाची साधारण पावणेपाच हजार अक्षरं मावली की त्याची जागा संपते. शिवाय एकदा टोचला की शरीर त्याला ओळखून ठेवतं. प्रतिपिंडं तयार होतात आणि दुसरा डोस बहुधा वायाच जातो. लहान मुलाला दिलेला डोस त्याच्या वाढत्या वयात पुरेनासा झाला, तर पुढे काय, हा प्रश्न तसाच राहतो. आणि विषाणू मोठ्या प्रमाणावर, शुद्ध स्वरूपात तयार करणं अतिशय महाग पडतं.

लायपोसोमचं आकर्षण इथून सुरू होतं. त्यात विषाणूचं प्रथिन नाही, जागेची तशी काटकसर नाही, आणि तो रसायनांपासून कारखान्यात बनतो.

पिशवी बनते कशी

केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथल्या संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अंड्याच्या बलकातलं लेसिथिन पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांना दिसल्या एकात एक गुंफलेल्या बंद गोलाकार पिशव्या. लेसिथिनच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं, शेपटं पाणी टाळतात. असे अगणित रेणू पाण्यात पडले की शेपटाला शेपूट लावून ते दुहेरी पडदा बनवतात, आणि पडद्याची मोकळी कड पाण्याला लागू नये म्हणून तो स्वतःभोवती मिटतो. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण याच जातीचं आहे.

प्रयोगशाळेत ही गोष्ट डोळ्यांदेखत घडते. गोल बुडाच्या काचेच्या चंबूत लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं. चंबू कोमट पाण्यात अर्धवट बुडवून, निर्वात करून, गरागरा फिरवत ठेवायचा. क्लोरोफॉर्म उडून जातं आणि काचेच्या आतल्या बाजूला एक पुसट, धुरकट थर उरतो. त्यावर गरम पाणी घालून हलवलं की थर सुटायला लागतो आणि पाणी दुधासारखं पांढरं होतं. झाले लायपोसोम. पण लहानमोठे, वेडेवाकडे. मग ते दूध बारीक छिद्रांच्या पडद्यातून दाबानं पुन्हा पुन्हा ढकलायचं. हळूहळू पांढरेपणा जातो आणि उजेडाकडे धरलं की निळसर झाक दिसते. ही झाक आली की अनुभवी माणूस ओळखतो, आकार शंभर नॅनोमीटरच्या आसपास आला. आपल्या केसाची जाडी याच्या सात-आठशे पट असते.

या विद्येशी मुंबईचं नातं जुनं आहे. परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठातल्या बिमलकुमार बच्छावत यांच्या गटाबरोबर, अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध लायपोसोममध्ये घातलं. हे औषध गुणकारी, पण मूत्रपिंडाला घातक. पिशवीत घातल्यावर घातकपणा बराच उतरला. काळा आजार आणि बुरशीचे संसर्ग असलेल्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या सार्वजनिक रुग्णालयात झाल्या आणि ते भारतीय बाजारात आलं. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गानं महाराष्ट्र हवालदिल झाला, तेव्हा ‘लायपोसोमल’ हा शब्द औषधांच्या दुकानांपुढच्या रांगेत ऐकू येऊ लागला. त्या धावपळीत वर्ध्याच्या एका कारखान्यात अँफोटेरिसिनच्या इमल्शन इंजेक्शनचं उत्पादन सुरू करावं लागलं, हे आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल.

दुसरं उदाहरण इथून जवळचं, गोरेगावचं. कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन हे औषध लायपोसोममध्ये घालून अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं होतं. २०१२ मध्ये तिथे त्याचा तुटवडा पडला. तेव्हा गोरेगावात मुख्यालय असलेल्या सन फार्माचं लायपोडॉक्स तात्पुरतं आयात करायला अमेरिकी औषध प्रशासनानं परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये सन फार्माच्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला तिथे पहिलं जेनेरिक म्हणून मंजुरी मिळाली. मूळ औषध मंजूर होऊन तोवर सतरा वर्षं उलटली होती. साध्या गोळीची नक्कल त्यामानानं लवकर होते. लायपोसोममध्ये घटक तेच, प्रमाण तेच असलं तरी मिसळण्याचा वेग किंवा तापमान बदललं की पिशवी वेगळी निघते, आणि पिशवी वेगळी निघाली की शरीरात औषधाचं वागणं वेगळं होतं. म्हणून माझं आजचं मुख्य म्हणणं इथेच सांगून टाकतो : पिशवीला वेष्टण समजू नका. निम्मं औषध तीच आहे.

जनुक पिशवीत घालताना

डीएनए आणि आरएनए या ऋणभाराच्या लांबच लांब साखळ्या. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात फिलिप फेल्गनर यांनी धनभाराचं स्निग्ध द्रव्य वापरलं. धन आणि ऋण एकमेकांना चिकटले, आणि काचेच्या बशीतल्या पेशींनी जनुक सहज स्वीकारलं. १९९२ मध्ये मिशिगन विद्यापीठात गॅरी नेबल यांनी त्वचेच्या कर्करोगाच्या गाठीत असं मिश्रण थेट टोचलं. उत्साह उतू जात होता.

बशीतून शरीरात आल्यावर गणित बिघडलं. रक्तातली बहुतेक प्रथिनं ऋणभाराची. धनभाराचा कण शिरेत सोडला की ती त्याला येऊन चिकटतात, गुठळ्या होतात, त्या फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात. पेशीच्या आवरणालाही हा धनभार सोसत नाही. भार नसेल तर जनुक धरवत नाही आणि भार असेल तर शरीराला सोसवत नाही, अशी ही कोंडी होती.

ती कोंडी कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये पीटर कलिस यांनी आणि त्यांच्याशी जोडलेल्या संशोधकांनी फोडली. त्यांनी असे स्निग्ध रेणू घडवले, जे आम्ल द्रावणात धनभारित असतात आणि रक्ताच्या किंचित अल्कधर्मी वातावरणात जवळजवळ भारहीन. आम्लात आरएनए धरायचा, मग द्रावण उदासीन करायचं. हे झाले आजचे लिपिड नॅनोकण. हे लायपोसोमचेच वंशज. मात्र यांच्या पोटात पाणी कमी आणि आरएनएला लगटलेली स्निग्ध द्रव्यं जास्त. त्यात चार घटक असतात : हा भार बदलणारा रेणू, एक फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं, म्हणजे पेगचं, पातळ अस्तर. कोविडच्या काळात जगानं घेतलेल्या एमआरएनए लशी याच पिशव्यांतून आल्या.

वाटेवरची डोल

आता शिरेतून शरीरात शिरू. पहिला मोठा अडथळा यकृताचा. तुम्ही मढकर खाडीच्या तोंडाशी डोल लावता. खुंटाला बांधलेलं जाळं प्रवाहाकडे तोंड करून उभं राहतं. ते मासळीच्या मागे धावत नाही, भरती-ओहोटीच आणून घालते. बोंबील येवो, जवळा येवो, जे वाहत आलं ते आत. यकृत रक्तप्रवाहात तसंच उभं आहे. त्यातल्या कुप्फर पेशी परके कण गिळतात. त्याच्या केशवाहिन्यांच्या भिंतीला मुळातच छिद्रं असतात आणि शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरचे कण त्यातून पलीकडे जातात. त्यात भर म्हणजे, रक्तात शिरताच या कणांवर अ‍ॅपो-ई नावाचं प्रथिन चढतं. हे प्रथिन चरबीच्या कणांना यकृतात नेण्याचं काम रोजच करतं. ते आपला कणही तिकडेच नेतं.

अँफोटेरिसिनच्या बाबतीत ही ओढ उपयोगीच पडली होती. काळ्या आजाराचे जंतू यकृत-प्लीहेतल्या अशाच पेशींत दडतात. औषध आपोआप तिथे गेलं. जनुकोपचारातही जे रोग यकृतात आहेत, तिथे यश मिळालं. ऑगस्ट २०१८ मध्ये पॅटिसिरान हे लिपिड नॅनोकणांतलं पहिलं आरएनए औषध मंजूर झालं. ते यकृतात तयार होणारं एक सदोष प्रथिन थांबवतं. त्याच रोगावर क्रिस्परची, म्हणजे जनुक कापणारी, कात्री नॅनोकणांतून थेट शिरेत दिल्याचे निकाल जून २०२१ मध्ये जाहीर झाले. पहिल्या सहा रुग्णांपैकी वरचा डोस मिळालेल्यांत ते प्रथिन सरासरी ८७ टक्क्यांनी घटलं. आणि २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या बालरुग्णालयात, जन्मजात दोषामुळे रक्तात अमोनिया साठणाऱ्या एका बाळासाठी, केवळ त्या बाळाच्या दोषाला जुळणारं औषध सुमारे सहा महिन्यांत घडवलं गेलं. त्याला एकूण तीन डोस दिले. विषाणू वापरला असता तर दुसराच डोस अवघड झाला असता. पिशवीमुळे तिसराही देता आला.

या तिन्ही बातम्यांतला अवयव एकच आहे, यकृत. जिथे कण आपसूक जातो, तिथे आपण जिंकलो.

पेशीच्या आत गेल्यावर

समजा, हव्या त्या पेशीपर्यंत कण पोचला. पेशी त्याला आवरणाच्या एका घडीत गुंडाळून आत घेते. या आतल्या फुग्याला एन्डोसोम म्हणतात. तो हळूहळू आम्ल होत जातो आणि शेवटी आतला माल पचवून टाकतो. पचण्याआधी फुगा फोडून बाहेर पडणं ही खरी कसोटी. भार बदलणारा रेणू इथे पुन्हा कामी येतो : आम्लात तो धनभारित होतो आणि फुग्याच्या ऋणभारित आवरणाला खिंडार पाडतो. पण किती वेळा? २०१३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा पेशीत शिरलेल्या आरएनएपैकी जेमतेम एक ते दोन टक्के बाहेर पडताना दिसला. त्याच वर्षी गौरव सहाय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शिरलेल्यातला मोठा हिस्सा पेशी पुन्हा बाहेर फेकते. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव कण वाया जातात, आणि ते भरून काढायला डोस वाढवावा लागतो. डोस वाढला की यकृतावरचा ताण आणि खर्च दोन्ही वाढतात.

डीएनए पाठवला असेल, तर पुढे केंद्रकाचं कुंपण आहे. न विभागणाऱ्या पेशीत ते सहजी ओलांडता येत नाही. एमआरएनएला केंद्रकात जायची गरज नाही, पण तो थोड्या दिवसांत विरतो. लशीला आणि जनुकाच्या दुरुस्तीला हे चालतं, कारण कात्रीनं एकदा काम केलं की तिनं निघून गेलेलंच बरं. आयुष्यभर एखादं प्रथिन पुरवायचं असेल, तर मात्र चालत नाही.

शरीराचा पहारा तर सगळीकडे आहेच. पेगचं अस्तर कणाला लपवतं, पण पेग आज औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांत इतकं पसरलंय की अनेकांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं आढळतात. मग पुढचा डोस लवकर झाडला जातो, क्वचित सलाइन चालू असतानाच धाप लागते, अंग लाल होतं. म्हणून पॅटिसिरान देण्याआधी स्टेरॉइड द्यावं लागतं.

एक प्रयोग मला फार शिकवणारा वाटतो. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसाच्या आनुवंशिक रोगावर लंडन, ऑक्सफर्ड आणि एडिंबराच्या शास्त्रज्ञांनी डीएनए-लायपोसोमचं मिश्रण वाफाऱ्यासारखं श्वासातून दिलं. दर महिन्याला एक डोस, वर्षभर. डीएनएमधले शरीराला चिडवणारे भाग त्यांनी आधीच काढून टाकले होते. २०१५ मध्ये निकाल आला : फुप्फुसाच्या क्षमतेत नुसता वाफारा घेतलेल्यांपेक्षा ३.७ टक्के फरक, आणि तोही मुख्यतः घसरण थांबल्यामुळे. चिकट कफाच्या थरातून फार थोडं जनुक पेशीपर्यंत पोचलं असणार. कुणी म्हणेल, इतकंच? मी म्हणेन, वारंवार देता येतं आणि थोडं का होईना लागू पडतं, हे माणसात सिद्ध झालं. विज्ञानात असे ३.७ टक्केही मोजून ठेवावे लागतात.

आपला पत्ता

आता महाराष्ट्राकडे येऊ. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल हा रोज भेटणारा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक. त्यामुळे प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. रोग एका अक्षराचा, म्हणून जनुकोपचाराला आदर्श.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलवर क्रिस्परचा उपचार मंजूर झाला. किंमत २२ लाख डॉलर. पण नुसती किंमत हा अडसर नाही. रुग्णाच्या रक्तपेशी जन्माला घालणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत विजेच्या झटक्यानं त्यांचं आवरण क्षणभर उघडून कात्री आत घालायची, दरम्यान जोरदार केमोथेरपीनं रुग्णाची अस्थिमज्जा रिकामी करायची, मग पेशी परत द्यायच्या. कित्येक आठवडे निर्जंतुक खोलीत मुक्काम. धडगाव किंवा भामरागडच्या घराला हे कसं परवडणार? उद्या ते फुकट केलं, तरी एवढ्या खाटा कुठून आणणार?

इथे गरज आहे ती एका इंजेक्शनची, जे शिरेतून जाईल, यकृताला चुकवेल आणि अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीला गाठेल. या पेशी मज्जेत हजारोंमध्ये एखादी, आणि बहुतेक काळ शांत पडून राहणाऱ्या. तरी वाट दिसायला लागली आहे. २०२० मध्ये टेक्सासच्या एका गटानं नॅनोकणात पाचवं स्निग्ध द्रव्य घातलं आणि कणांचा रोख यकृताऐवजी फुप्फुसाकडे किंवा प्लीहेकडे वळवून दाखवला. २०२३ मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी कणावर मूळ पेशीची खूण ओळखणारं प्रतिपिंड बसवलं. उंदरांत ते मज्जेपर्यंत पोचलं आणि रुग्णांच्या पेशींवर बशीत दुरुस्तीही साधली. उंदीर आणि माणूस यांत मोठं अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. पण दिशा पक्की आहे.

तोवर काय करायचं, हेही स्पष्ट सांगतो. नवजात बाळांची तपासणी आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या हे आजचे खरे उपचार आहेत, स्वस्त आहेत आणि ते वेळेवर मिळालेच पाहिजेत. जनुकोपचाराच्या आशेवर कुणाची गोळी बंद होता कामा नये. आणि जाहिरातीतून ‘जीन थेरपी’ विकणारं कुणी दारात आलं, तर दोनच गोष्टी विचारा : कोणत्या अवयवात पोचतं, आणि माणसांवरची चाचणी नोंदवली आहे का?

आपल्या हातात काय आहे

पुष्कळ आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत वंदना पत्रावळे, पद्मा देवराजन यांच्यासारख्या प्राध्यापकांनी औषधवाहक कणांवर काम करणारे विद्यार्थी घडवले. हैदराबाद आणि बेंगळुरूच्या प्रयोगशाळांत जनुकं वाहून नेणारे नवे स्निग्ध रेणू अनेक वर्षांपासून तयार होत आहेत. पुण्याच्या जेनोव्हानं देशातली पहिली एमआरएनए लस बनवली; जून २०२२ मध्ये मंजूर झालेली ही लस साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत टिकते. फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागत होती. ज्या राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातली वीज दुपारी जाते, तिथे हा फरक उपचार मिळण्या-न मिळण्याचा आहे.

उणीव आहे ती या तुकड्यांना एका कामाला जुंपण्याची. जनुकाच्या शोधाला बातमी मिळते, अनुदान मिळतं; पिशवी बनवणाऱ्याला ‘फॉर्म्युलेशनवाला’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात. परिणामी भार बदलणाऱ्या महत्त्वाच्या रेणूंची पेटंटं परदेशी कंपन्यांकडे आहेत आणि त्यांचे आपसात खटले चालू आहेत. आपण स्वतःचे रेणू घडवले नाहीत, तर कात्री स्वदेशी असूनही तिच्या पिशवीचं भाडं आपल्याला भरावं लागेल.

म्हणून माझं मागणं तीन वाक्यांत सांगतो. मज्जेपर्यंत पोचणाऱ्या नॅनोकणांचं संशोधन हे राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमाचा भाग व्हावं, त्याच्या बाहेरचा शौक नव्हे. त्याच्या चाचण्या, केईएमनं अँफोटेरिसिनच्या वेळी दाखवलं त्याप्रमाणे, सार्वजनिक रुग्णालयांत आणि ज्यांचा रोग आहे त्यांच्या संमतीनं, त्यांच्या भाषेत समजावून व्हाव्यात. आणि सार्वजनिक पैशातून निघालेल्या औषधाची किंमत, चाचणी सुरू होण्याआधीच करारात लिहिली जावी.

समोर कॉलेजला जाणारी मुलं-मुली बसली आहेत. रसायनशास्त्र घेतलंय म्हणून कुणी नाक मुरडलं, तर त्यांना सांगा की जनुक वाचायला जगानं शिकून घेतलंय, ते पोचवायला रसायनशास्त्रज्ञ कमी पडतायत. त्या कामाला माणसं हवी आहेत, आणि ती इथून निघावीत, अशी माझी अपेक्षा आहे.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. अवघड असतील तर अधिक बरं.